किटली वामनला, पुढची खोली गोजरबाईला

मी, प्रेमला नृसिंह मुळे, वय वर्षे बासष्ट, पूर्वी प्राथमिक शिक्षिका, हल्ली पेन्शनर, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी नको म्हटले, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

माझे यजमान कै. नृसिंह विष्णुपंत मुळे, येथील पोस्टमास्तर, १९७० च्या श्रावणात वारले. आम्हाला मूलबाळ नाही. राहते घर त्यांनी हयातीतच माझ्या नावावर केले, त्यामुळे त्याची व्यवस्था लावण्याचा अधिकार सर्वस्वी माझा आहे.

कलम १. माझे दिवसकार्य आटोपशीर करावे. गावाला टँकरची वाट पाहावी लागत असताना माझ्या नावाने पंगती उठवू नयेत. माझ्याबद्दल चांगले बोलायचे असेल त्यांनी उपाशीपोटी बोलावे, म्हणजे ते थोडक्यात होईल.

कलम २. पोस्टातली माझी शिल्लक येथील मुलींच्या शाळेला द्यावी. चौथीनंतर ज्या मुलीचे नाव काढायला बाप दाखल होईल, तिच्या पाचवीच्या वह्यापुस्तकांना ती वापरावी. याचे कारण कलम ५ मध्ये आहे. ते लिहिताना मला लाज वाटेल, पण लिहीन.

कलम ३. मागचे घर, म्हणजे स्वयंपाकघर, माजघर व परसातला कडुनिंब, हे माझे पुतणे चि. वामन, राहणार पुणे, यांना मिळावे. मुलगा मायाळू आहे. जुने काही दिसले की ते टाकून द्यायला त्याच्या हाताला खाज सुटते, एवढाच दोष.

कलम ४. विजेची किटली. हिची हकिकत लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला पटणार नाही, म्हणून विस्ताराने लिहिते.

गावात वीज आल्यावर १९६४ साली यजमानांनी ही किटली पुण्याहून आणली. माझी शाळा सकाळची. लग्न झाल्यापासून पहाटेचा चहा तेच करत. आधी स्टोव्हवर, मग किटलीत. त्या काळी मिरजगावात बायकोला चहा करून देणारा पुरुष हा चेष्टेचा विषय होता. पोस्टात येणारे लोक तोंडावर विचारत, "काय मास्तर, आज आलं घातलं का न्हाई?" ते शांतपणे सांगत, "घातलं. तुमच्या घरी कोण घालतं?" मी त्यांना कधी तोंडाने आभार म्हटले नाहीत. तशी पद्धत नव्हती. ते आज या कागदावर म्हणते.

ते गेले. सुतक फिटल्यावर घरातली सगळी भांडी चिंच आणि राखेने घासून काढतात, तशी मी काढली. त्यात किटलीही काढली. पस्तीस वर्षे मुलांना शिकवलेली मी बाई, परंतु त्या दिवशी मला ती फक्त एक भांडे दिसली. बादलीत बुडवली, आतून बाहेरून घासली, तीनदा विसळली. दुसऱ्या दिवशी पहाटे पिन लावली, चट्ट आवाज झाला आणि घरभर अंधार. माणूस गेल्यावर मी चारचौघांत रडले नव्हते. त्या पहाटे किटली मांडीवर घेऊन रडले.

वामन तेराव्याला आलेलाच होता. म्हणाला, "काकू, टाकून दे. पुण्याहून नवी पाठवतो." आणि खरोखर पाठवली. ती मी खोक्यातून काढलीसुद्धा नाही. मला चहा नको होता. मला ती किटली हवी होती.

हमरस्त्यावर कानिफनाथ खराडे यांचे मोटर रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान होते. तिथे गेले. कानिफनाथ म्हणाले, "आमी पान्याच्या मोटारी बांधतो बाई, किटल्या न्हाई." तेवढ्यात आतून त्यांची पत्नी गोजरबाई आली. पदर खोचलेला, हाताला वॉर्निशचा वास. किटली उलटी करून तिने कानाशी हलवली.

"बाई, बुडवली का हिला?"

मी हो म्हटले. दुसऱ्या कोणी हसण्यावारी नेले असते. ती म्हणाली, "सुतकाचं असंल. सगळ्याच घासत्यात." आणि बूड उघडायला बसली.

बुडात अभ्रकाच्या पत्र्यावर तार गुंडाळलेली होती. तिने तो पत्रा दोन दिवस उन्हात वाळवला. तार एकाच जागी तुटली होती. मी म्हटले, कथलाचा डाग दे. ती म्हणाली, "ह्या तारेला डाग धरत न्हाई बाई. पितळंच्या पत्तीत आवळावी लागती." मोडक्या इस्त्रीतला अभ्रकाचा तुकडा कापून तिने खाली बसवला, गंजलेले स्क्रू बदलले. टेस्टिंगचा दिवा लावून पाहिला, मग तिथेच पाणी उकळून दाखवले. म्हणाली, "हिचं काय बी बिघडलेलं न्हवतं. एक तार तुटली हुती. तेवढ्यासाठी कशाला फेकायची?" पाऊण रुपया घेतला, तोही स्क्रूंचा. त्या वाफेकडे पाहताना मला जे वाटले ते कायदेशीर भाषेत लिहिता येत नाही. मला माझी सकाळ परत मिळाली, एवढेच लिहिते. किटली अजून चालू आहे.

सबब ही किटली माझ्या पश्चात चि. वामन यास मिळावी. त्याची पत्नी सौ. नीलांबरी हिला नव्हे. तिची बँक लांब, ती पहाटे उठते आणि चहाही तीच करते, हे मी पुण्याला चार दिवस राहून पाहिले आहे. यापुढे पाणी भरणे, पिन लावणे व कप तिच्या हातात देणे हे काम वामनने करावे. किटली पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बंद पडल्यास मिरजगावला आणावी.

कलम ५. रस्त्याच्या बाजूची पुढची खोली, स्वतंत्र दारासह, माझ्या पश्चात श्रीमती गोजरबाई कानिफनाथ खराडे हिच्या मालकीची व्हावी.

कारण असे. कानिफनाथ गेल्या दिवाळीत वारले. दुकानात मोटारी उचलणे, बसवणे आणि बोलणे त्यांचे. तांब्याचे वेढे मोजून बांधणे मात्र पहिल्यापासून गोजरबाईचे. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. यंदा विहिरी आटल्या, मोटारी कोरड्या चालून जळतात, तिच्यापुढे रांग आहे. पण जागा दीर रंगनाथ यांच्या नावावर. त्यांनी पाडव्यापर्यंत दुकान रिकामे करायला सांगितले आहे. मी समजवायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमी ह्यात पडू नका. बाईमानसाच्या हातची मोटर कोन घेनार?" मी विचारले, "मग आठ वर्षे कोणाच्या हातची घेत होते?" त्यावर त्यांना एकाएकी बैलांना वैरण टाकायची आठवण झाली.

आता लाजेची गोष्ट. गोजर माझ्याच शाळेत होती. तिसरीत असताना तिने वर्गातले बंद घड्याळ उघडले. मी हातावर छडी मारली आणि उघडलेले घड्याळ टेबलाच्या खणात टाकले. ते चालू झाले असते की नाही, हे पाहिलेसुद्धा नाही. चौथीनंतर बाप नाव काढायला आला तेव्हा मी एका शब्दाने अडवले नाही, दाखल्यावर सही केली. ती या गोष्टीचा कधी उल्लेख करत नाही. खोली देऊन याची भरपाई होते असे मी मानत नाही. पण तिने जे केले त्याबद्दल मी फार, फार ऋणी आहे, आणि मला देता येण्यासारखी हीच वस्तू आहे.

वामनने पत्राने कळवले आहे की रस्त्याकडच्या खोलीला पुढे मोल येईल, ती देऊ नको. बरोबर आहे. म्हणूनच देते.

कलम ६. शेजारी श्री. गहिनीनाथ यांच्या मोरीचे पाणी अकरा वर्षे माझ्या भिंतीत मुरते आहे. यजमानांच्या आजारपणात रात्री बैलगाडी जुंपून त्यांनी आम्हाला कर्जतला नेले, ते मी विसरलेले नाही. भांडण मी सोडून देते. मोरी मात्र त्यांनी दुरुस्त करावी. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने त्यांना हे वाचावेच लागेल.

कलम ७. दुरुस्ती. काल इथपर्यंत लिहून झाल्यावर गोजरबाईला बोलावून कलम ५ वाचून दाखवले. मला वाटले, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "मला नको ही खोली."

मी विचारले, का गं?

"पाडवा म्हैन्यावर आला. मी जाऊ कुठं? आन तुमी तर धडधाकट हाय. रोज सकाळी उठून तुमच्या दाराकडं बघायचं, बाई उठल्या का न्हाई? उठल्या की माझं तोंड पडायचं? असं वाट बघत खाल्लेलं जेवन मला जानार न्हाई, बाई."

एवढे बोलून ती रडली. मीही रडले. इतक्या वर्षांची शिक्षिका, पण हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

तरी कलम ५ मधील "माझ्या पश्चात" हे शब्द रद्द समजावेत. खोली मी आजच देते. बक्षीसपत्र नोंदवायला उद्या सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी कर्जतला जात आहोत. नोंदणी काही कारणाने लांबली, तर हे कलम तिच्या हक्काचा पुरावा म्हणून वाचावे. तिचे वायंडिंगचे मशीन, पाने आणि पकडी आज दुपारी गहिनीनाथांच्या गाडीतून आल्या. रंगनाथ दारात उभे राहून पाहत होते, अडवले नाही. हे मी लिहीत असताना पुढच्या खोलीत ठोकाठोक चालली आहे आणि मला एक ओळ धड सुचू देत नाही.

गोजरबाईला आता माझ्या मरणाची गरज उरलेली नाही. तिने उद्या सकाळी मला उठलेले पाहिले, तर ती हसेल.

लिहून देणार : प्रेमला नृसिंह मुळे (स्वदस्तुर)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत प्रेमलाबाईंनी वरील मजकूर वाचून सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. विजयमाला शंकर पोटे, मुख्याध्यापिका, मुलींची शाळा, मिरजगाव
२. गहिनीनाथ बाबाजी कोरडे, शेती, मिरजगाव. मोरीचं काम पाडव्याच्या आत करतो.

मुक्काम मिरजगाव, रविवार, दिनांक ४ मार्च १९७३