फुईच्या काळजातलं ठिगळ

॥ श्री ॥
अमळनेर, ३ मार्च २०२५

चि. दिपमाला हिस फुई भागाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करतेस, पण फोन आला की माझा लीलाधर स्पीकर लावतो आणि बठ्ठी आळी, झाडून सगळी, ऐकते. मग मी बरी शे, एवढंच बोलते. खरं ते कागदावर लिहिते. शाळेत जायच्या आधी तुला अक्षरं मीच गिरवायला लावली, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल.

त्या दिवशी छातीत जळजळलं तेव्हा पित्त समजून ओवा चावला आणि पडून राहिले. जळगावला दवाखान्यात पोचेपर्यंत काळजाचा एक तुकडा मेला होता. डॉक्टर म्हणाले, आता तिथे व्रण धरतोय, आणि व्रणाची जागा पुन्हा काम करत नाही. घरी आल्यापासून सून रूपा हातातला तांब्यासुद्धा काढून घेते. शेजारची बेबाबाई परवा विचारायला आली, की यंदा बिबड्यांचा घाटा कोण हलवणार. सहा घरांच्या पापडांची ज्वारी एकाच पातेल्यात शिजते आणि दांडा माझ्या हाती असतो, हे तुला ठाऊक आहे. रूपाने आतूनच सांगितलं, की सासूबाईंचं नाव आता काढू नका. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशी बोलली.

लीलाधर सांगतो, व्रण करणाऱ्या पेशींवरच तुझं औषध आहे आणि उंदरांचं काळीज त्याने सुधारतं. मग मलाही दे. उंदराला देतेस, बापाच्या बहिणीला द्यायला काय जातं? मी कुणाला सांगणार नाही.

अंगाला जप, आणि फुईवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
फुई

॥ श्री ॥
धुळे, ८ मार्च २०२५

ती. फुईस दिपमालाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन दिवसभर फिरले. प्रयोगशाळेत औषधाचं कपाट उघडलं, बाटलीवर हात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. सर शेजारीच होते. त्यांना वाटलं, मी काय घ्यायला आले तेच विसरले.

फुई, औषध देणार नाही. का, ते नीट सांगते. काळजाचा भाग मेला की शरीर घाईने तिथे ठिगळ लावतं. ते लावणाऱ्या पेशी काम झाल्यावरही थांबत नाहीत, शेजारचं चांगलं मांसही ताठर करून टाकतात. त्यांना वेळेवर आवरायचं, हा आमचा प्रयत्न. उशिरा औषध दिलेले बरेच उंदीर सुधारले. पण लवकर दिलं त्यांच्यातल्या काहींचं ठिगळच धरलं नाही, आणि काळीज फाटलं. ती काळजं मी हातात घेऊन पाहिली आहेत. माणसाला कोणत्या दिवशी द्यायचं, किंवा द्यायचं की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

दिवसभर मी त्या पेशींना आवरायचा मार्ग शोधते, आणि संध्याकाळी दिवा लावताना, त्यांनी तुझ्या छातीत नीट काम करावं म्हणून हात जोडते. घाट्याचा दांडा धरू नको. रूपावहिनीचं बोलणं कडू आहे, पण ती घाबरली आहे.

राग आला तर मला लिही, गोळ्यांवर काढू नको.

तुझी
दिपमाला

॥ श्री ॥
अमळनेर, २१ मार्च २०२५

चि. दिपमाला हिस आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता. एवढी शिकलीस आणि सांगतेस काय, तर बसून राहा. हे तर बेबाबाईही फुकट सांगते.

मंगळवारी अंगणात चूल पेटली. रूपा भाजी आणायला गेली होती. मोठी म्हणून बायकांनी दांडा माझ्यापुढे धरला. मी धरलाही. घाटा घट्ट होऊ लागला तसा दांडा जड झाला, आणि तुझ्या हातातलं ते फाटलेलं काळीज डोळ्यांपुढे आलं. दांडा तसाच उभा ठेवून मी बाजूला झाले. पुढे रूपा आली आणि तिने हलवला. गुठळ्या झाल्या, बिबड्या तडकल्या. मी खाटेवरून बघत राहिले.

काल जळगावला पुन्हा तपासलं. काळजाचा जोर कमी झालाय, जड काम आता कायमचं बंद. लीलाधर परतताना गाडीत म्हणाला, दिपमालाचं औषध येईलच. त्या औषधाचं विचारलं तेव्हा डॉक्टरही नुसते हसले होते. सगळे मला लहान मुलीसारखं समजावतात. म्हणून तुला विचारते. माझ्या हयातीत ते येईल का? होय की नाही, एवढंच लिही. धीर देऊ नको.

उत्तर काहीही असो, पत्रातली माया तेवढीच असू दे.

तुझी
फुई

॥ श्री ॥
धुळे, २५ मार्च २०२५

ती. फुईस शि. सा. नमस्कार.

नाही.

तुझ्या उपयोगी पडेल इतक्या लवकर ते येणार नाही. उंदरांनंतर मोठी जनावरं, मग माणसं, आणि प्रत्येक पायरीवर ते खोटं ठरू शकतं. तुला आज ज्या गोळ्या दिल्या आहेत, तेच तुझं औषध. त्या काळजावरचा भार हलका करतात. त्या चुकवू नको.

काल आणखी काही काळजं तपासली. एकातला व्रण लहान आणि घट्ट होता, भोवतालचं मांस मऊ. सर खूश झाले. मला मात्र एकच वाटलं, की हे तुझं का नाही. थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. मग आत येऊन पुढचं काळीज घेतलं.

रविवारी पाडव्याला येते. मला काही बोलायचं नाही. नुसतं जवळ बसू दे.

तुझीच
दिपमाला