आबांनी काढलेली पूर्व

आबा, तुमचं दार परवा पाडलं. सागवानी चौकट शाबूत निघाली, ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. मी साताऱ्याहून सकाळच्या पाटण गाडीने गेले होते आणि खरं सांगते, भांडायलाच गेले होते. जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, निदान आपल्या घराच्या बाबतीत तरी भाऊ माझे चार शब्द ऐकेल असं वाटलं होतं. कसलं काय! पालथ्या घड्यावर पाणी. आता इथे परत आल्यावरही डोकं तापलेलंच आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरच सगळ्यात जास्त राग येतोय.

तुम्ही जोतं आखलंत तो दिवस मला पक्का आठवतो. तुम्ही नुकतेच पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार, गावात तुमचा शब्द म्हणजे शेवटचा. गावाबाहेरच्या उघड्या कातळावर घर बांधायचं ठरलेलं, कारण पाया आयता मिळतो. तुम्ही खिशातून पलटणीतलं होकायंत्र काढता आणि हुकूम सोडता, "लोखंड लांब ठेवा रं! सुई फसती." गवंड्यांच्या पहारी, कुदळी, घमेली, सगळं बांधाच्या पलीकडे. बक्कल आहे म्हणून स्वतःचा पट्टा सोडता, आईच्या कमरेची किल्लीसुद्धा काढायला लावता. आणि एवढा बंदोबस्त करून होकायंत्र टेकवता कुठे, तर थेट कातळावर! अहो आबा, सगळ्यात मोठं लोखंड तुमच्या पायाखालीच होतं की. आई तेव्हाच म्हणाली, "आवं, पण दिस तर त्या आंब्यामागनं उगवतोय. तुमची दोरी भलतीकडंच चाललीय." तुम्ही म्हणालात, "दिस रोज जागा बदलतो. सुई बदलत न्हाई." दोरी ताणली गेली आणि आपलं पूर्वेचं दार जन्मभर आग्नेयेकडे तोंड करून बसलं.

पुढे शिकले तेव्हा कळलं, की तो कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला आणि निवला. निवताना त्यातल्या लोहकणांनी त्या वेळची उत्तर-दक्षिण धरली ती आजतागायत सोडलेली नाही. आपल्या डोंगरांतल्या पुष्कळ थरांमध्ये ती उलटी सापडते, कारण तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं. तुमची सुई त्या काळी असती तर बेधडक दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली असती. त्यात उघड्या कातळावर वीज पडली की तेवढ्या जागचा दगड आणखी जोरकस चुंबक होतो, आणि आपल्या कातळावर वीज पडून म्हैस दगावल्याची गोष्ट तुम्हीच रंगवून सांगायचात. वर्गात मी हे दरवर्षी शिकवलं, तुमचं नाव न घेता तुमचं उदाहरण देऊन. मुलं हसायची. तुमच्यासमोर मात्र एकदाही तोंड उघडलं नाही, कारण तुम्ही ऐकलं नसतंत.

आता तुमच्या नातवाच्या लग्नाला पाच वर्षं झाली आणि मूल नाही. मिरजेच्या डॉक्टरनं दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. भावाच्या सुनेच्या सगळ्या झाल्या, काही निघालं नाही. नातूसाहेबांचं अजून "बघू की, ऊस जाऊ दे कारखान्याला" चाललंय. तोवर भावानं एक वास्तुवाला आणला. त्यानं उंबऱ्यावर उभं राहून मोबाईल छातीशी, कातळापासून बराच वर धरला आणि सांगितलं, दार आग्नेयेला आहे, वंश कसा वाढणार? मी पोचले तेव्हा तो ओट्यावर बसून चहा पीत होता. मी त्याचाच मोबाईल मागून घेतला. उंबऱ्यावर एक पूर्व, तुळशीपाशी दुसरी, विहिरीपाशी तिसरी, अशा तीन पूर्व त्याला दाखवल्या. वाटलं, आता तरी गप्प बसेल. तो म्हणतो, "बघा मॅडम, वास्तूत दोष हाय म्हणूनच सुई अशी फिरतीय." मी कपाळावर हात मारून घेतला.

मग भावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं: लाव्हा, लोहकण, उलटलेले ध्रुव, वीज. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हंजे आबा चुकलं म्हणतीस?" मी म्हटलं, "दगडानं फसवलं रे त्यांना." तर म्हणतो, "आबा चुकायचं न्हाईत. ताई, तूच सांगतीस न्हवं, उत्तर फिरती म्हणून? मग आबांच्या टायमाला दार बरोबर असंल. आता फिरली."

"अरे बाबा, फिरायला हजारो, लाखो वर्षं लागतात!"

"व्हय, पण कवा ना कवा फिरतीच न्हवं?"

सांगा आबा, काय करू मी याचं? माझंच शास्त्र घेऊन यानं तुम्हालाही वाचवलं आणि दारही पाडायला काढलं. मी ओरडले. नाचता येईना अंगण वाकडं, म्हटलं. आधी पोराला तपासायला पाठव, मग भिंतीला हात लाव. हे जरा मोठ्यानंच बोलले असेन. अंगणातला गवंडी खाली बघायला लागला आणि भाऊ उठून मागच्या परड्यात गेला.

तेवढ्यात सुनेनं मला चुलीपाशी बोलावलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच बोलत होती. "आत्या, तुमी लय शिकलेल्या. तुमचंच खरं असणार. पर दाराचं चुकलं म्हणत्यात तर म्हणू द्या की. दाराचं न्हाई म्हटल्यावर ह्या घरात दुसरं कुणाचं चुकल्यालं ठरणार हाय?" भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. म्हणाली, "नव्या दाराचा गुण यीस्तवर तरी मला कुणी काय बोलणार न्हाई."

आबा, लाखो वर्षांचं गणित मांडणारी मी, आणि हिला दोन-चार महिन्यांची उसंत हवी होती, ती मी ओरडून हिसकावून घेत होते. स्वतःचाच संताप आला. मग अंगणात गेले आणि भावाला सांगितलं, "पाड दार. नवं मी आखून देते, सूर्यावर." भावाला अस्मान ठेंगणं झालं. वास्तुवाला पण खूश, शास्त्राचा पाठिंबा मिळाला म्हणे! दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात काठी उभी केली. सकाळच्या सावलीच्या टोकाला एक खुंटी ठोकली, काठीभोवती त्या लांबीचा गोल आखला, आणि दुपार कलून सावली परत गोलाला टेकायची वाट बघत बसले. तिथे दुसरी खुंटी ठोकायची. दोन खुंट्यांमधली दोरी म्हणजे खरी पूर्व-पश्चिम. तिला कातळ फसवत नाही, वीज फसवत नाही. भाऊ बघायला जमलेल्या लोकांना सांगत होता, ताईनं पार साडेसहा कोटी वर्षांचा हिशेब लावून दिशा काढलीय. त्याला दुरुस्त करायचाही मला खरंच कंटाळा आला होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि घरात कुणाला दाखवायची माझी छाती नाही. तुम्ही आयुष्यात कुणाजवळ चूक कबूल केली नाहीत, आणि तुमची तर चूक होतीही नकळत घडलेली. माझं तसं नाही. सावली गोलाला टेकली तेव्हा सगळे चहाला आत गेले होते, एकटी सून माझ्याजवळ दोरी धरून उभी होती. मी दुसरी खुंटी मुद्दाम वीतभर सरकवून ठोकली. तिनं पाहिलं आणि दोरी ताणली. उद्या परत दोष शोधायची वेळ आली, तर त्या घरात तिच्याशिवाय दुसरं काहीतरी वाकडं असायला हवं.