अक्काची सूचना

५ फेब्रु., सोम.
डाळमिलमध्ये हैदराबादहून साहेब आलाय. वाया काय जातंय ते हुडकायला. माल, वेळ, चालणं, सगळं. भिंतीवर तक्ते लागले. सुपरवायझर मी, म्हणून त्याच्या मागं मागं मीच.

७ फेब्रु., बुध.
साहेब म्हणतोय, बायकांनाच विचारा. डाळ निवडणाऱ्या बायका तोंड उघडंनात. मालकासमोर कोण बोलंल? मीच म्हणले, बिनघोर सांगा, कुणाचं काम जात न्हाई. साहेबानंबी मान हलवली. मग पारूअक्का बोलली. माझी थोरली जाऊ. म्हणली, गोदामातून टोपल्या वाहण्यातच अर्धा दिस जातो, आमाला गोदामाच्या दारातच बसवा की. साहेब खूश.

१२, सोम.
बसवलं. कंबर धरून येणारी अक्का आज गुणगुणत भाकरी थापायलीय. सासूबाईंना म्हणली, मिल आता माझ्या डोक्यानं चाललीय. मलाबी बरं वाटलं, खोटं कामून बोलू.

१६, शुक्र.
काम दुपारीच आटपलं. आमच्यात मोकळं बसायची रीत न्हाई. काम संपलं तरी झाडू घेऊन इकडून तिकडं करायचं, मालकाला हात हलताना दिसले पाहिजेत. साहेब म्हणला, उगं झाडू नका, बसा. बसल्या बिचाऱ्या. मालक तेवढ्यात आला.

१९, सोम.
मालकानं बोलावलं. निम्म्या बायका पुरेत म्हणला. मी बायकांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. साहेब मोबाइलात तोंड घालून. म्हणले, अक्काला तरी ठेवा, सूचना तिची. मालक म्हणला, "वय बघ तिचं. घरातलीच हाय ना, तूच सांग. शनिवारपातूर."
 कसल्या तोंडानं…

२०, मंगळ.
सांगितलं न्हाई. भाऊजी गेल्यापासून अक्का ह्या घरात मान वर करून जेवते ती ह्या कामावर. मुडबीला, माहेरात, कुणी उरलं न्हाई. सासूबाईंचं तोंड मला ठाऊक हाय. भाकरी ताटात तशीच ठेवली. अक्काच विचारायलीय, अंगात कसर हाय का?

२१, बुध. डब्याच्या सुट्टीत.
सकाळी नौबादच्या घरून मिलला येताना रिक्षात अक्का म्हणली, आजून एक सुचलंय. पोती शिवायचं कामबी लवकर व्हईल. साहेबाला सांगते, तू संगं ये.
म्हणले, अक्का, नगं सांगू.
"कामून?"
तेवढ्यात मिल आली. अजून उत्तर दिलं न्हाई. ती तिकडं हात धुऊन साहेबाच्या खोलीकडं निघालीय.