ता. १७ रोजी पाऊस

सोलापूर. सोमवार, २२ फेब्रुवारी १९३२
सायन्सचे मास्तर पुण्यास गेले. त्यांचे वर्ग तात्पुरते माझ्याकडे. हेडमास्तर अण्णाराव म्हणाले, १७ मार्चला इन्स्पेक्टरसाहेब येणार, त्यांच्यापुढे इंग्रजी सहावीला 'हवामान' या विषयाचा नमुना पाठ द्या. पसंत पडला तर कायम करू. न पडला तर काय, ते बोलले नाहीत. मला ठाऊक आहे. वैराग! सासरेबुवांची धान्याची अडत. 'गादीवर जागा आहे' असे ते दर पत्रात लिहितात. मेलो तरी पोत्यांत बसणार नाही.

मालतीला सांगितले, कायम झालोच असे समज. ती म्हणाली, आधी पाठ तर होऊ द्या.

मंगळवार, २३ फेब्रुवारी
मैदानातली झडपांची पांढरी पेटी पाहिली. आत दोन थर्मामीटर, एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या बुडाला चिंधी, चिंधीचे टोक वाटीत. दोघांच्या आकड्यांत फरक जास्त तर हवा कोरडी. फरक नाही तर हवेत पाणी गच्च. माहितीपत्रक इंग्रजीत, आठ पानी. पहिले पान वाचले, मुद्दा कळला.
आजचा फरक २४ अंश.

बुधवार, २४ फेब्रुवारी
संताप. शिपाई शिवशरण पेटी उघडून आत लोट्याने पाणी घालत होता. यंत्र म्हणजे काय तुळस आहे? विचारले तर म्हणतो, रोज घालतो की मास्तर, वाटी लई लौकर आटती. चांगला झापला. कुलूप आणले, किल्ली जानव्याला बांधली. पेटीवर रंगाने लिहिले, 'कोणीही हात लावू नये.' आकडे झडपांच्या फटीतून वाचता येतात. शास्त्र म्हटले की शिस्त हवी.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी
फरक ९. तीन दिवसांत चोविसावरून नऊ! वर काहीतरी शिजते आहे.

शनिवार, २७ फेब्रुवारी. दुपारी १२
फरक शून्य. माहितीपत्रकातले कोष्टक तीनदा पाहिले. ओलावा शंभर टक्के. आभाळात ढगाचे नाव नाही, म्हणजे पाणी अजून वरच्या थरात असावे. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर पावसाचे भाकीत करणारा मास्तर या जिल्ह्यात आजवर झाला नसेल.

बुधवार, २ मार्च
फरक शून्य. मालतीला बजावले, उडदाचे पापड बाहेर घालू नकोस, हवा दमट आहे. तिने घातले. अकरापर्यंत कडकडीत वाळले. वर म्हणते, दमट असती तर तुमचे ओठ असे फुटले असते का? बायकांना कोष्टक वाचता येत नाही. टाचांनाही भेगा पडल्यात. चालणे फार होते.

सोमवार, ७ मार्च
अजूनही शून्य. पाऊस पडत का नाही? जेवण जात नाही. सासरेबुवांचे पत्र, महिनाअखेर काय ते कळवा. इतका ओलावा फार दिवस अडकून राहणार नाही. हिशेबाने १७ तारीख येते. शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहूनच टाकले: 'ता. १७ रोजी पाऊस.' आता माघार नाही.

गुरुवार, १० मार्च
समोरच्या गल्लीतले विणकर रस्त्यावर सूत वाळत घालतात. आज चौघे फळ्यापुढे उभे होते. एक जण तेलुगूत काहीतरी बोलला, बाकीचे पोट धरून हसले. कौतुक असावे.
हेडमास्तरांनी विचारले, खात्री आहे ना? म्हटले, शंभर टक्के. त्यांनी साहेबांसाठी ठरलेला मैदानातला मांडव रद्द केला.

सोमवार, १४ मार्च
शिवशरण दोनदा पेटीकडे बघत घुटमळला. काही सांगायचे होते म्हणे. हाकलला. ऐन वेळी भलत्या गोष्टी नकोत. मुलांना सांगितले, १७ तारखेला प्रत्येकाने छत्री आणायची. चाळीस मुले, चाळीस छत्र्या.

गुरुवार, १७ मार्च. सकाळी ६
आभाळ निरभ्र. वादळापूर्वी असेच असते. देवाला नारळ बोललो. शास्त्रासाठी नव्हे, घरची रीत म्हणून.

त्याच दिवशी. सायंकाळी ६
लिहायचे नव्हते. लिहितो.
साहेब रणरणत्या उन्हात आले, आल्या आल्या दोन पेले पाणी प्यायले. वर्गातल्या छत्र्या पाहून विचारले, हे काय? धनगराचा ज्ञानू उठून म्हणाला, हवेत वलावा शंभर टक्के हाय, आज पाऊस येनार. पाठ झाल्यासारखे बोलला. ऊर भरून आला.
साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. म्हणाले, ती पेटी पाहू.

जानव्याची गाठ सुटेना. मग कोट-सदऱ्याची बटणे काढून, जानव्यासकट कुलपाला मान लावून पेटी उघडली. मागे चाळीस पोरे. वाटी कोरडी ठणठणीत. त्यात एक पाल मरून पडलेली, पापडासारखी कडक.

साहेबांनी विचारले, यात पाणी कधी घातले होते? मागून शिवशरण म्हणाला, चोवीस तारखेला जी. तवापासनं मास्तरांनी हात लावू नगा म्हनून सांगितलंय. तारीख त्याने लक्षात ठेवली होती!

साहेबांनी त्यालाच पाणी घालायला लावले. चिंधी भिजली आणि पारा उतरू लागला. पोरे झडपांना लटकून मोठ्याने मोजत होती, नव्वद, ऐंशी, सत्तर. ज्ञानूने विचारले, पानी घातल्यावर गार का व्हतंय? साहेबांनी सांगितले, उन्हाळ्यात माठ का गार होतो तसेच, पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असली की झपाट्याने वाळते. सगळ्या वर्गाला एका दमात समजले. मलाही आजच समजले. लाज वाटली, फार लाज वाटली.
जाताना टांग्यापर्यंत साहेबांवर मुलांनी छत्री धरली. उन्हासाठी.

सोमवार, २१ मार्च
शेरा आला. 'हवामानपेटीची देखभाल शिपायाकडेच ठेवावी.' पाठाबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे पाठाबद्दल तक्रार नाही, असे मी अण्णारावांना म्हणालो. त्यांनी किल्ली मागितली. घरी आलो तर मालती पापड डब्यात भरत होती. भरतच राहिली. रागावली असती तर बरे झाले असते.

वैराग. सोमवार, ११ एप्रिल
नवी सुरुवात. ज्वारीत ओल आहे का, हे सासरेबुवा दाणा दाताखाली धरून सांगतात. फुटला कट्कन तर कोरडी. एवढे अशास्त्रीय काम मी पाहिले नव्हते. म्हटले, मी करतो. सात पोत्यांतला एकेक दाणा अगदी सावकाश, पूर्ण विचार करून तपासला. सातही ओली निघाली. सगळे पोत्यांभोवती जमले.
सासरेबुवांनी सातही पोत्यांतले दाणे पुन्हा चावून पाहिले. म्हणाले, जावईबापू, ज्वारी कोरडी आहे. तुम्ही दाणा फार वेळ तोंडात ठेवता.
उद्यापासून मी पाहिलेले पोते येडू हमालाने पुन्हा पाहायचे, असे ठरले.