पुठ्ठ्याच्या खुर्चीवर बसायची तयारी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मन स्थिर होतं म्हणतात. माझं स्थिरच आहे, पण खात्री असलेली बरी.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. दार ढकलताना हात ओला होता. नुकताच धुतला होता, म्हणून. टर्मच्या शेवटी प्रदर्शन आहे, ते बघून मला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ठरवू म्हणाल्या. माझ्या तिसरीच्या वर्गाने चित्रकलेच्या तासाला वर्षभर काय केलं, असंही विचारलं. आम्ही जूनपासून डोंगरामागचा सूर्य रंगवतोय हे सांगणं बरं दिसेना. तोंडातून निघून गेलं, की मुलं पुठ्ठ्याच्या खुर्च्या डिझाइन करणार आहेत, आणि मी सगळ्या पालकांसमोर त्यावर बसून दाखवणार आहे.

असं का बोललो कळत नाही. त्यांच्या चष्म्याकडे बघितलं की होतं असं.

संकल्प: वजन कमी करणे. उद्यापासून.

४ फेब्रुवारी
वर्गाला डिझाइनचा पहिला नियम सांगितला. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्या माणसाला आधी नीट बघायचं. तो बसतो कसा, उठतो कसा, त्याला कशाचा त्रास होतो. वाक्य इतकं झकास जमलं की दोनदा म्हटलं.

चार गट केले. पहिला गट गुडघेदुखीवाल्या आजीसाठी खुर्ची करणार, दुसरा कोणाच्या तरी दीड वर्षाच्या भावासाठी, तिसरा शाळेच्या शिपाईमामांसाठी. चौथा गट कोणासाठी ते सांगेना. त्यांची पुढारी एक समोरचे दोन दात पडलेली मुलगी आहे. मी मनातल्या मनात तिला बोळकी म्हणतो. सरप्राइज आहे म्हणाली. मी परवानगी दिली. कडक शिक्षकाने अधूनमधून मोकळीक द्यावी. शिवाय ती टक लावून बघायला लागली की नाही म्हणवत नाही.

कात्र्या तिनेच वाटल्या. मी दाराशी उभा राहिलो. तिथून सगळ्या वर्गावर लक्ष राहतं.

११ फेब्रुवारी
बोळकी तासभर माझ्याकडेच बघत होती. बसायच्या आधी मी खुर्चीखाली वाकून बघतो. (एकदा च्युइंगम निघालं होतं. साधी खबरदारी.) तेव्हा तिने शेजारच्या मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने लगेच माझं वाकलेलं चित्र काढलं. शिक्षकाबद्दल आदर असला की मुलं असं करतात.

वजन कमी झालेलं नाही. काटा जुना आहे.

१४ फेब्रुवारी
आदर नव्हे. पाळत आहे.

बोळकीला मोठ्या बाईंच्या केबिनमधून बाहेर येताना बघितलं. काय काम होतं विचारलं, तर चिकटपट्टी मागायला गेले होते म्हणाली. हातात चिकटपट्टी होती. पण हातात काय, काहीही धरता येतं.

पुढच्या तासाला फळ्यावर लिहीत होतो, तर पायाला काहीतरी लागलं. वळून बघतो तर बोळकी खाली बसून दोरीने माझी पोटरी मोजत होती. मी ओरडलो नाही. मुलांवर ओरडू नये, हे माझं तत्त्व आहे. शिवाय आवाजच फुटला नाही.

१८ फेब्रुवारी
घरी नमुन्याची खुर्ची स्वतः केली. फ्रिजचा खोका वापरला, दणकट. बायको म्हणाली, आधी धान्याचा डबा ठेवून बघा. मी म्हटलं, थिअरी पक्की असली की डबा लागत नाही. बसलो.

पुठ्ठा दमट होता. फरशी गुळगुळीत होती. पंखाही जोरात होता.

कमरेला मलम चोळताना बायकोने विचारलं, की भीती वाटते असं मोठ्या बाईंना सरळ सांगून का टाकत नाही. हा भीतीचा प्रश्नच नाही, असं तिला ठणकावलं. पालथा पडून ठणकावलं, त्यामुळे म्हणावा तसा परिणाम झाला नसावा.

२६ फेब्रुवारी
आजारी पडायचं ठरवलं होतं. पण रजेसाठी मोठ्या बाईंना फोन करावा लागला असता. त्यापेक्षा खुर्चीवरून पडलेलं बरं.

शिपाईमामांना एका बाजूला घेऊन विचारलं, की खुर्च्यांच्या आत गुपचूप लाकडी फळ्या सरकवता येतील का. ते म्हणाले, पोरं कुणाला हात लावू देत नाहीत, मलाही हाकललं.

चौथ्या गटाची खुर्ची चादरीखाली झाकलेली आहे. मधल्या सुट्टीत उचलून बघणार होतो. चादरीच्या आत काहीतरी खुसखुसलं. मांजर असेल. नसेलही. वर्गाची शिस्त म्हणून मी बाहेर आलो.

६ मार्च, सकाळ
आज प्रदर्शन. नाश्ता गेला नाही. वजनाच्या दृष्टीने चांगलंच. शर्टाची बटणं बायकोने लावून दिली. बोटं जरा कामात नव्हती.

६ मार्च, संध्याकाळ
जे झालं ते झालं तसं लिहितो.

पहिल्या खुर्चीवर आजी स्वतःच बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. दुसरीत बाळ बसलं. तिसरीत शिपाईमामा पाय पसरून बसले. ज्याची खुर्ची तोच बसणार, हे मला सुचलंच नव्हतं. जिवात जीव आला. म्हटलं, सुटलो.

मग बोळकीने चादर ओढली आणि माइकवर सांगितलं, की ही खुर्ची आमच्या सरांची आहे, कारण सरांना सारखी भीती वाटते.

ती म्हणाली, पाठीमागून कोणी आलं की सर दचकतात, म्हणून तिन्ही बाजूंनी उंच भिंत केली आहे. ते बसायच्या आधी खाली बघतात, म्हणून खाली मोठी खिडकी आहे. धरायला दोन्हीकडे मुठी आहेत. बैठक सरांच्या पोटरीच्या निम्म्या उंचीवर ठेवली आहे, पडले तरी लागणार नाही. आणि आम्ही सगळ्यांनी एकदम त्यात बसून बघितलं आहे, कारण आधी दुसरं कोणी बसल्याशिवाय सर बसत नाहीत.

ती चिडवत नव्हती. पहिल्या गटाने आजीचे गुडघे सांगितले तसंच सांगत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता तरी आलं असतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, बसा सर.

खिडकीतून आत बघितलं. मग बसलो. पुठ्ठा एकदा कुरकुरला आणि गप्प झाला. हात आपोआप मुठींवर गेले. पाठीशी भिंत होती. सगळा हॉल बघत होता आणि माझी धडधड हळूहळू थांबली. शाळेत असं कधी झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. डिंकाचा वास उग्र होता असं लिहिणार होतो, पण तसं काही नव्हतं.

मोठ्या बाईंनी तिथेच सांगितलं, की पुढच्या वर्षी राहा, तुम्ही शिकवलेलं मुलांना येतंय. चौथीही माझ्याकडे देणार आहेत. चौथीची मुलं चांगली उंच असतात.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, मला हे कळायला लग्नानंतर चार वर्षं लागली, आणि कळलं तरी खुर्ची काही सुचली नाही.