यावलची मॅच

४ जानेवारी १९८७, रविवार

आला परत! गिरधर बोरसे आज भुसावळला फुटबॉल रेफ्री मंडळाच्या बैठकीत पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून! बंदीचं एक वर्ष संपलं म्हणे. माझ्या डाव्या भुवईवरचे तीन टाक्यांचे वण संपले का?

८५च्या डिसेंबरात जामनेरकडच्या त्या मॅचला हा पंच होता, मी लाइन्समन. सकाळी मैदानावर येऊन गाववाल्यांना तोंडावर सांगितलं — "मले जळगावनी मोठी मॅच उनी, मी जास!" — आणि गेला की! शिट्टी माझ्या गळ्यात. मी पेनल्टी दिली, दगड मला बसला. हा तिकडे जळगावला हार घालून फोटो काढत होता.

तेव्हाच रेफ्री मंडळात ठराव चार मी मांडला. एकदा होकार दिलेली मॅच दुसऱ्या मॅचसाठी सोडली, की एक वर्ष शिट्टी बंद. लहान-मोठी मॅच बघायची नाही, पहिला शब्द तो पहिला. शब्दन् शब्द माझा. आबांनी — आमचे सेक्रेटरी अभिमन आबा — मिशीला पीळ देत विचारलं होतं, "एक वर्ष जास्त होत नाही का, झांबरे?" मी म्हटलं, कमीच होतंय.

आज चहाच्या वेळी गिरधर म्हणाला, "कसं काय, झांबरेभाऊ?" मी कपबशी घेऊन दुसरीकडे वळलो. शाळेतला ड्रिल मास्तर लेकाचा.

७ जानेवारी, बुधवार

यावलकडचे उखर्डू नाना फॅक्टरीच्या गेटवर दोन तास उभे होते माझी पाळी सुटेपर्यंत. केळीवाले. दरवर्षी दोन एकर वावर रिकामं ठेवतात, पोरांच्या फुटबॉलसाठी! लोक वेडा म्हणतात. ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळत नाही म्हाताऱ्याला. गोल झाला की दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवतो.

घरी आणलं, चहा झाला. "अठरा तारखेले फायनल हाये. तुमी याल त मॅच, नाई त नाई." मी हो म्हटलं. गेली चार वर्षं जातोच आहे. मंडळाला कळवायचं राहिलंय. कळवीन.

१४ जानेवारी, संक्रांत

आबांचं पत्र. धुळ्याची फायनल, रविवार १८, पंच मी! आणि राज्याचे निरीक्षक बघायला येणार आहेत. पास झालो तर राज्याच्या पंचांचं पॅनेल! बारा वर्षं! बारा वर्षं धूळ खाल्ली, शिव्या खाल्ल्या, एस.टी.च्या टपावरनं प्रवास केला. एक एप्रिलला पंचेचाळीस पूर्ण होतात, मग दार कायमचं बंद. हीच एक संधी आहे.

पत्राच्या खाली छापलेली ओळ — "त्या दिवशीचा अन्य सामना स्वीकारलेला नाही याची खात्री करून होकार कळवावा. ठराव ४."

माझीच ओळ! छापून घ्या असा आग्रहही माझाच होता.

बायकोने, लताने, तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली. मी कुणाशीच बोललो नाही.

१५ जानेवारी

रात्रपाळी नव्हती तरी झोप नाही. विचार केला तर साधी गोष्ट आहे. यावलला काय आहे? बावीस पोरं, त्यातली निम्मी अनवाणी. गोलपोस्टला बांबू. तिथं म्हशी राखणाराही शिट्टी वाजवेल! त्या म्हाताऱ्याला एवढंच वेड आहे तर त्यानेच वाजवावी. माझी बारा वर्षं त्याच्या केळीच्या वावरात पुरायची का मी?

आबांना होकार टाकला. खाली सही केली. सही करताना पेन अडलं — शाई संपली होती, एवढंच.

१६ जानेवारी

यावलला तार केली. "ताप. येणे अशक्य. क्षमस्व. झांबरे."

लता म्हणाली, "नानांना खरं कळवलं असतं तर ते नाही म्हणाले असते का?" म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं! खरं कळवलं तर ठराव चार मानेवर बसतो. ताप कुणालाही येतो. ताप ठरावात नाही.

"मी कुणाशी खोटं बोलणार नाही," एवढंच बोलून ती पीठ मळायला बसली. बरं, नको बोलू. इथं विचारायला कोण येणार आहे?

१८ जानेवारी, रविवार — धुळे, लॉजवर

आधी मॅच. चांगली झाली. एक बाद गोल मी बरोबर नाकारला, दोन्ही कप्तान गप्प बसले. अशी शिट्टी मी आयुष्यात वाजवली नाही!

आणि बघायला कोणी नव्हतं.

निरीक्षक आलेच नाहीत! आयोजक म्हणाला, सकाळी फोन आला, नाशिकला मोठी मॅच लागली, साहेब तिकडे गेले. सहज सांगितलं, भजी खात. मी म्हटलं, अहो, शब्द दिला होता ना त्यांनी? तो हसला. "मोठे लोक, साहेब."

हलकट! बेशरम माणूस! मोठी मॅच मिळाली की लहान मॅच टाकून द्यायची? इथं माणूस बारा वर्षं वाट बघतोय त्याचं काय? असल्यांची शिट्टी आयुष्यभरासाठी बंद केली पाहिजे — हे सगळं मी मोठ्याने बोललो, तंबूत, सगळ्यांसमोर.

कोपऱ्यात गिरधर बूट सोडत होता. आज तो माझा लाइन्समन होता, ते लिहायचं राहिलं. वर न बघता म्हणाला, "ताप उतरना का, भाऊ?"

मग तो सांगायला लागला, तसाच खाली बघून. शुक्रवारी रात्री नानांचा माणूस भुसावळला त्याच्या घरी गेला होता. झांबरे आजारी पडले, तुम्ही येता का? हा म्हणाला, नाही, धुळ्याची लाइन घेतली आहे, शब्द दिलाय. शब्द! ह्याने!

आता हा मला खाणार. एक वर्ष वाट बघत बसला होता आणि मी आपणहून ताटात जाऊन बसलो.

१९ जानेवारी, सोमवार

घरी आलो तर ओट्यावर केळ्यांचा अख्खा घड. शेजारी काचेची बाटली, त्यात काढा.

नाना काल सकाळी आले होते. मला बघायला! आजारी माणसाला बघायला! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? चव्वेचाळीस वर्षं याच मुलखात काढली. माणूस शिंकला तरी इथं चार जण येऊन उशाशी बसतात, आणि मी तारेने ताप कळवतो! मूर्ख!

"पण काल तर त्यांची फायनल होती!" मी म्हटलं.

"नाही झाली," लता म्हणाली. "पंच आजारी, मग मॅच कशी लावायची, म्हणाले. पोरं परत पाठवली. आता पुढच्या रविवारी."

"तू काय सांगितलंस?"

"धुळ्याला गेले म्हटलं. मॅचला."

"मग?"

"ते म्हणाले, तापात गेले बापा? जपायला सांगजो माय. आणि घड ठेवून गेले."

तिला वाटेल ते बोललो. एक दिवस खोटं बोलली असतीस तर काय झडली असती का जीभ? तिने एक केळं सोलून माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेली. खाल्लं नाही.

म्हातारा भोळा आहे, एवढंच बरं. ताप अंगात घेऊन मी धुळ्याला गेलो असं समजून बसला असेल.

२० जानेवारी

गिरधरची तक्रार आज आबांकडे पोचली असणार. पोचू दे.

२१ जानेवारी

आबांकडून काही नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो वैतागला.

२२ जानेवारी

अजून गप्प! काय शिजवतोय हा गिरधर?

२३ जानेवारी, शुक्रवार

मंडळाची बैठक.

आबांनी पुढच्या मॅचेस वाचल्या. "यावल, तारीख पंचवीस, पंच तोताराम झांबरे. उखर्डू नानांचं कार्ड आलंय." बस्, एवढंच! अठरा तारीख नाही, तार नाही, ताप नाही. म्हाताऱ्याने फक्त पंचवीस लिहिलं होतं.

आबांनी नेहमीसारखं विचारलं, "ठराव चारखाली कुणाची तक्रार?" मी गिरधरकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. आबांनी त्याला नाव घेऊन विचारलं, "धुळ्याचं कसं झालं रे?" तर म्हणाला, "बठ्ठं ठीक शे, आबा. शिट्टी झकास व्हती."

झकास!

नंतर सगळ्यांना तिळगूळ वाटत वाटत माझ्यासमोर आला. डबी पुढे केली. तोंडावर हसू नाही, काही नाही. डोक्यात तिडीक गेली. म्हणजे उद्यापासून मी याच्या मेहेरबानीवर शिट्टी वाजवायची? भेटेल तिथं याने "कसं काय, झांबरेभाऊ" म्हणायचं आणि मी मान खाली घालायची? खड्ड्यात गेला त्याचा तिळगूळ! दगड खाल्ला तेव्हा निदान मी बरोबर होतो. ते एकच माझ्याकडे होतं.

उभा राहिलो. म्हटलं, "आबा, ठराव चार. माझं नाव लिहा." सगळं सांगितलं — यावल, तार, खोटा ताप. आवाज चढला होता, जणू दुसऱ्याच कुणावर तक्रार करतोय.

आबांनी चष्मा काढला. "बस खाली, तोताराम. एक एप्रिल माहीत आहे ना तुला?"

"लिहा!"

लिहिलं. एक वर्ष. म्हणजे कायमचंच.

आणि यावल? मॅच माझी, तेव्हा दुसऱ्याला द्यायची तर चिठ्ठी मीच द्यायला हवी. पंचवीसला गिरधरशिवाय मोकळा कुणी नव्हता. तिथल्या तिथे कागद फाडून लिहून दिलं — यावलची मॅच मी गिरधर बोरसे यांस राजीखुशीने देत आहे. राजीखुशीने! त्याने चिठ्ठी वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली. "एवढं कशाले करं, भाऊ?" म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज पडलेला ऐकला.

म्हटलं, तुझ्यासाठी नाही केलं. आणि खरंच त्याच्यासाठी केलं नाही. राग होता, दुसरं काही नाही.

२४ जानेवारी, शनिवार

संध्याकाळच्या टपालाने कार्ड. निरीक्षकांचं, माझ्या नावावर. "धुळ्यास येऊ शकलो नाही, दिलगीर आहे. आबांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे रविवार ता. २५ रोजी यावल येथील आपला सामना पाहण्यास येत आहे."

एक दिवस! फक्त एक दिवस तोंड मिटून बसलो असतो तर! म्हणूनच आबा बस खाली म्हणत होते.

गिरधरला पॅनेल मिळणार. माझ्या चिठ्ठीवर. माझ्या अक्षरात.

कार्ड कुणीच बघितलेलं नाही. चुलीजवळ दोनदा नेलं. लता बघत होती.

२५ जानेवारी, रविवार

कार्ड गिरधरला दिलं, मैदानावर, बूट बांधताना. एका पंचाला कळायला हवं कोण बघतंय ते. त्याच्या हातातली नाडी सुटली.

मी नानांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. निरीक्षक आले, पँट झटकत. विचारलं, "इथं झांबरे पंच होते ना? ते का नाहीत?"

मी उठणार, तेवढ्यात नानांनी माझा गुडघा घट्ट दाबला. "ते बिमार हायेत, सायेब," म्हणाले. "तवाच तार आलती." माझ्याकडे वळून बघितलंही नाही. खिशातून केळं काढलं, माझ्या हातात दिलं आणि मॅच बघायला लागले. पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.