श्रेयनामावलीतली बाई

लखनौ,
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. विजयामावशीस,
रुचाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझं रोमन लिपीतलं मराठी तुला वाचवत नाही, म्हणून हा कागद. मध्ये हिंदी घुसलं तर यार, समजून घे. आई जूनपासून वर्षभरासाठी आसामात जोरहाटला चहाच्या संशोधनात आहे. इथे वृंदावन योजना कॉलनीतल्या घरी पपा रोज नवी सब्जी जाळतात. बारावीचा अभ्यास चालू आहे.

आता कामाचं. मी आणि माझी मैत्रीण हिमानी एक जपानी ॲनिमे मालिका बघतोय. हारू नावाच्या मुलीची आई पहिल्याच भागात घर सोडून जाते, का ते कोणीच सांगत नाही. प्रत्येक भाग संपला की नावं सरकतात आणि त्यांच्यामागे एक पाठमोरी बाई बॅग घेऊन रस्त्याने चालत असते. दर आठवड्याला तिचा रंग थोडा फिका होतो. आमचा निष्कर्ष असा, की ती हारूची आई आहे आणि ती मेलेली आहे. तू आयुष्यभर मुलांना निरीक्षण करा म्हणत जीवशास्त्र शिकवलंस. लिंक पाठवली आहे, बघून कळव.

पपांचा नमस्कार. तुझी माया अशीच राहो.

तुझी,
रुचा

सांगली,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. रुचास,
विजयामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

शेजारच्या माणिकताईंनी टीव्हीला फोन जोडून दिला. बाईचे केस त्यांना आवडले, एवढंच त्यांचं मत. मला गाणं ऐकू येत नाही. ते दुःखी आहे म्हणतात, कदाचित म्हणूनच तुम्ही रडत बाईकडे बघत राहिलात. मी रस्त्याच्या कडेला बघत होते.

सुरुवातीला बर्फ आहे. पुढे एक निष्पर्ण झाड, त्याला टोमॅटोसारखी केशरी फळं. तुमच्याकडे ठेल्यावर ‘जपानी फल’ म्हणून मिळतात ना, तीच. पानगळ झाली तरी ती झाडावर राहतात, म्हणजे तिकडचा शरद ऋतू. त्यापुढे हिरवीगार भातखाचरं, आणि अगदी शेवटी चेरीचा बहर. हिवाळा, शरद, उन्हाळा, वसंत. ऋतू उलटे चाललेत! बाई घरातून कोणत्या ऋतूत निघाली होती, ते तपास. वसंतात निघाली असेल, तर बहर घराजवळ आणि बर्फ घरापासून लांब. मग ही बाई जात नाहीये गं, परत येतेय.

रंगाचं कोडं मला सुटलं नाही. पण एक विचारते. नुसता रंग फिका झाला, तर तुम्ही तिला थेट मारूनच का टाकलंत?

जेवण वेळेवर कर. पपांना सांग, भाजी मंद आचेवर.

तुझी,
मावशी

लखनौ,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू ग्रेट आहेस! पहिल्या भागात आई निघते तेव्हा अंगणभर पाकळ्या पडत असतात. मी इतक्या जोरात ओरडले, की पपा लाटणं घेऊन धावत आले. हिमानीने तुझी थिअरी मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकली. तिथे घमासान झालं. कोणी म्हणालं, चित्रकाराला झाडं आवडतात, बस. कोणी आमची मावशी उसनी मागितली.

तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मग रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिच्यामागे नवं पुस्तकांचं कपाट दिसलं. वर्षभराच्या खोलीसाठी कोणी कपाट घेतं का? जाताना तिने सगळ्या शाली नेल्या. इथल्या भिंतीवरचा तिचा आणि आजीचा फोटोही नेला. पपा म्हणतात, मी प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधते. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मावशी, तुला काही माहीत आहे का?

उत्तराची वाट बघते.

तुझी,
रुचा

सांगली,
५ डिसेंबर २०२५

चि. रुचास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून चैन नाही. खोटं लिहिणार नाही. मला थोडं ठाऊक आहे, पण प्रणिता माझी धाकटी बहीण असली तरी ते सांगण्याचा हक्क तिचा आहे. मालिका करणारे लांब बसलेत, त्यांना विचारता येत नाही, म्हणून आपण झाडं मोजतो. तुझी आई तर नाताळच्या सुट्टीत तुझ्यासमोर येणार आहे. तिला सरळ विचार. उत्तर आवडलं नाही तरी विचार. मग मला लिही, नाहीतर निघून ये. इथे तुझी गादी घातलेलीच असते.

तुझीच,
मावशी

लखनौ,
३० डिसेंबर २०२५

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मालिका संपली. हारूची आई आलीच नाही. रस्त्यावरची बाई म्हणजे मोठी झालेली हारू निघाली, आपल्या जुन्या गावाकडे परतणारी. दिशा तू बरोबर ओळखलीस, माणूस ओळखायला आपण सगळेच चुकलो. रंग का फिका होत होता, ते अजून कोणालाच कळलेलं नाही. हिमानी म्हणते, दुसरा सीझन येईल.

आईची गाडी धुक्यात रखडून दुपारी आली. रिक्षात विचारायचं ठरवलं होतं, पण चारबागच्या फलाटावरच विचारून टाकलं, की तू परत राहायला येणार आहेस का. कुलीने बॅग डोक्यावर घेतली होती. आईने ती खाली ठेवायला लावली, बाकावर बसली आणि म्हणाली, नाही. तिथली नोकरी आता कायमची झाली आहे. ती आणि पपा वेगळे राहणार आहेत. बोर्डाच्या परीक्षेनंतर मला सांगायचं दोघांनी ठरवलं होतं. मी खूप ओरडले. लोक बघत होते. मी विचारलं, मग रोज फोनवर हसून ‘जेवलीस का’ विचारायचीस, ते नाटक होतं का? ती म्हणाली, त्यातलं जेवणाचं खरं होतं, हसणं जमवावं लागायचं. मग तीही रडली.

मी तिला सांगितलंय, की मी रागावलेली आहे आणि कधीपर्यंत ते माहीत नाही. ती म्हणाली, राग धर, पण बोलणं बंद करू नकोस. मी बोलतेय. पपांशीसुद्धा.

काल परीक्षेनंतरच्या सुट्टीचा विषय निघाला. मी जोरहाटला गाडीने जावं की विमानाने, यावर दोघांची जुंपली. आई म्हणे विमान, पपा म्हणे एकटी मुलगी, आपण गाडीने सोडून येऊ. मी मध्ये बसून ऐकत होते. मग दोघांना गप्प केलं आणि म्हटलं, जाणार मी आहे, मला विचारा.

दोघांनी विचारलं.

तुझा लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुझी,
रुचा